बाबाच्या रेडिओची बॅटरी

नांदुरा, उन्हाळा १९६४

माय, तुळशीराम पाया पडते.

मी बरा आहो. तू एसटीनं पाठवलेली बाबाच्या रेडिओची बॅटरी मिळाली. तिच्यात शिशाच्या प्लेटी तेजाबात बुडून राह्यतात. पाणी आटलं, की वाफ निववून काढलेलं पाणीच टाका लागते. तू आपल्या खाऱ्या विहिरीचं टाकलं. आपण तेच पेतो, तुले काय माहीत? पण खारानं प्लेटी खाल्ल्या. दोनदा चार्जिंगले लावली, करंट धरूनच नाही राह्यली.

माह्या पोटातली कळ थोडी कमी आहे. मी बॅटऱ्या दुरुस्तीले आहो, तिथला मिस्त्री म्हणते, शिशाच्या कामात सगळ्यायलेच होते.

बाबा अजून बातम्या लाव म्हणतात काय? त्यायले खरं सांगू नको. बॅटरी चार्जिंगले आहे, असंच रोज म्हणत जाय. डॉक्टरनं बाबाचे जेवढे दिवस सांगतले, तेवढे निभून जातील.

तुहा तुळशीराम