मागचा डावा पाय

ता. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

प्लॅस्टर बदलल्याचं आत्याने कळवलं. इस्पितळातून परस्पर तिच्या घरी गेलात हे बरं झालं. इथे असतात तर कुबडी टेकत भट्टीशी पोचला असतात. रेसच्या तबेल्यातून मी महिन्याची रजा काढून आले आहे. तुमची गिऱ्हाईकं मला सांभाळून घेतात. वीटभट्टीवाल्याने तेवढं माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, की नालबंद कधी येणार. त्याचा घोडा माझ्या हाताखाली उभ्या उभ्या पेंगला, तेव्हा कुठे तो गप्प बसला.

आता काळजीचं. घोडेस्वारीच्या शाळेतल्या आपल्या मावशीचं. जिच्या पाठीवर तिथलं प्रत्येक पोर पहिल्यांदा बसलं, ती घोडी तुम्हाला लाथ मारल्यापासून कोपऱ्यात तोंड करून उभी आहे. मागचा डावा पाय टेकत नाही. त्या पायाचा नाल तुम्ही अर्धवट ठोकलात तसाच आहे, कारण जवळ जायला कुणी धजत नाही. मालकांचं म्हणणं, पोरांची घोडी लाथ मारायला लागली तर ती ठेवता येणार नाही, गोळी घालावी लागेल. तरी तुमच्या मतासाठी ते थांबले आहेत.

जिने इतक्या वर्षांत शेपटीनेसुद्धा कुणाला दुखवलं नाही, ती अशी का वागली? नेमकं काय झालं ते लिहा. आत्याला नमस्कार.

तुमची,
ठिणगी


ता. ७ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आ.

पत्र पोचलं. वीटभट्टीवाल्याच्या घोड्याचे पुढचे खूर ठिसूळ आहेत, तिथे बारीक खिळे घाल. जाड खिळ्याने तो खूर चिरतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. या धंद्यात शिकून झालं असं म्हणणाऱ्याच्या हातात जनावर देऊ नये. भात्याचं चामडं फाटलंय, त्याला ठिगळ लाव.

मावशीचं काय सांगू? वेगळं काहीच घडलं नाही. नेहमीसारखा पाय मांडीवर घेतला. तिसरा खिळा चालला होता, तेवढ्यात तिने पाय हिसडला. मी दटावलं आणि पुन्हा ठोकला. त्यानंतर मला तबेल्याचं छतच दिसलं. म्हातारपणी एखाद्या जनावराचं डोकं फिरतं, तसं तिचं फिरलं असावं. मालकांनाही मी तशा चार ओळी टाकल्या आहेत. माझा जीव तुटतो, पण उद्या एखाद्या पोराच्या छातीत बसली तर काय करायचं? तू तिच्याजवळ जाऊ नकोस. तुला दोनच पाय आहेत, आणि घरात तेवढेच काय ते धड उरलेत.

तुझा,
बाबा

ठिणगे, खाली जागा उरली म्हणून मी घुसले. तुझा बाप पाहुणा म्हणून फार सोपा, काहीही विचारा, हो म्हणतो. काल विचारलं चहा हवा की दूध, तर हो म्हणाला. रेडिओ असा लावतो की शेजारीण तिच्या स्वयंपाकघरात बसून आमच्या बातम्या ऐकते. दाराची कडी वाजली तर मान वर करत नाही, उठायचं ते मीच. आळस म्हणू की वय, तूच सांग. – आत्या


ता. ११ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

तुमचं ऐकलं नाही. मावशीजवळ गेले. बराच वेळ नुसती शेजारी उभी राहिले, मग तिने आपण होऊन पाय उचलून दिला. मी नाल काढला तेव्हा ती थरथरत होती, पण हलली नाही.

तिसरा खिळा ओला आणि काळा निघाला. त्याच्या मागून पू आला. बाहेरच्या कडक खुरातून जायचा तो खिळा आतल्या कोवळ्या मांसात शिरला होता. तिचं डोकं फिरलेलं नाही, बाबा. तिला दुखलं.

लहानपणी तुम्ही मला भट्टीकडे पाठ करून बसवायचात आणि नुसत्या ठोक्यांवरून खिळा कुठे चाललाय ते ओळखायला लावायचात. कडक खुरातून चालला की आवाज दर ठोक्याला चढत जातो. कोवळ्यात शिरला की बोद, दबका होतो. ज्या ठोक्याला बोद झाला, त्याच ठोक्याला हात थांबला पाहिजे. तुमचा हात थांबला नाही. तिने हिसडल्यावरही तुम्ही पुन्हा ठोकलंत.

आत्याच्या चार ओळी आधी वाचल्या तेव्हा खूप हसले होते. खिळा हातात घेऊन पुन्हा वाचल्या. बाबा, तुम्हाला ऐकू येतं का?

मालकांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. पाय सुजलाय, थोडे दिवस द्या, एवढंच म्हणाले. दुसऱ्या नालबंदाच्या हातचं काम मालकापाशी उघडं करायचं नाही, आधी त्याला कळवायचं, हे तुम्हीच शिकवलंत. जखम धुऊन पोटीस बांधलं आहे. ती बरी होईल. पण तुमचं पत्र त्यांच्या टेबलावर आहे. ते मागे घ्या, नाहीतर मला बोलायची मोकळीक द्या. उलट टपाली लिहा.

तुमची,
ठिणगी


ता. १४ मार्च

चि. ठिणगीस,
आ.

मालकांना सगळं सांग. खिळा दाखव. तो माझ्या हातचा आहे असं स्पष्ट म्हण. मीही त्यांना लिहितो आहे, पण तू आधी जा.

ऐकू येणं हळूहळू गेलं. आधी पाखरं गेली, मग घड्याळ. हातोडीचं काय ते हाताला कळतं अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि बरेच दिवस ते कळलंही. कुणाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून कुणी जनावराचा पाय पुढे केला नसता. ती हिसडत होती, म्हणजे सांगतच होती मला, आणि मी तिला दटावलं.

पोटीस रोज बदल. तिच्या मानेवरून माझ्या वतीने हात फिरव.

बाबा


ता. १८ मार्च

ती. बाबांस,
न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. मावशी परवा सकाळी गेली.

मी वीटभट्टीवर होते. पोरांच्या आयांनी ओरड केली होती आणि मालकांच्या हातात तुमचं पत्र होतं. तुमच्या शब्दापुढे त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मला बघावं लागू नये म्हणून त्यांनी मुद्दाम मी नसतानाची वेळ धरली.

तरीही मी खिळा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी खिळा उचलून बघितला. मग विचारलं, हे तुला कधी कळलं. मी सांगितलं. ते म्हणाले, शाळेचं काम यापुढे दुसरा नालबंद करील.

पुरण्याआधी तिचे नाल मी काढले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बाकीच्या तीन पायांत एकही खिळा वाकडा नव्हता. टोकं सगळी एका रेषेत, वरून बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. तेही तुम्ही ऐकल्याशिवायच ठोकले होते. त्या तीन पायांकडे बघून मला तुमच्यावर रागावता येईना. चौथ्याकडे बघितल्यावर राग आवरेना. आणि तुमच्या परवानगीची वाट बघत बसले, ती मी. तो राग कुणाच्या नावावर घालू?

काल वीटभट्टीवाल्याच्या घोड्याला नाल ठोकताना चांगल्या जागी चाललेला खिळा मला बोद ऐकू आला. दोनदा उपसून पाहिला. दोन्ही वेळा कोरडा होता.

प्लॅस्टर निघालं की घरी या. रेसच्या तबेल्यात मी परत जाणार नाही असं कळवलं आहे. नाल तुम्ही तापवा, खूर तुम्ही तासा. हातोडी मात्र मी देणार नाही, मागू नका. भात्याला ठिगळ लावलं आहे.

लोभ आहेच. थोडे दिवस तो आहे तेवढाच राहू द्या.

तुमची,
ठिणगी