दहा मिनिटं पुढे

नणंदबाई, प्रभूमध्ये सलाम.

पंधरा दिवस राहायला आलात आणि पहिल्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलंत. नाही म्हणू नका. काचेवर पिठाचं बोट उमटलं होतं, आणि त्या दिवशी पीठ तुम्हीच मळलं होतं.

घरात सगळे त्याच घड्याळावर पळतात. मी उशीर करते हे भावाला दाखवायचा तुमचा डाव, असंच मी धरून चालले. वर "वेळही प्रभूचीच देणगी आहे गं" हे रोज ऐकवायचात. मी दातओठ खात कामं उरकत राहिले.

तुम्ही गेलात तशी स्टुलावर चढून मी घड्याळ बरोबर केलं. आज सकाळी डबे भरून होईतो हे बूट घालून दारात, मुलगी जिन्यात. टेबलावरचं बायबल मिटलेलंच राहिलं. मग लक्षात आलं, गेले पंधरा दिवस आम्ही रोज एकत्र प्रार्थनेला बसत होतो, आणि नंतरचा चहा मी चक्क बसून पीत होते.

घड्याळ पुन्हा पुढे केलंय. तुमच्या मनात नेमकं काय होतं, याची शंका मात्र अजून आहे. आणि घड्याळ मीच पुढे केल्याचं कळलं तर पुढच्या खेपेला तुम्ही महिनाभर राहाल, म्हणून पत्र पेटीत टाकत नाही.

तुमची भावजय