दुसरी दांडी

प्रिय धाकट्या,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी शेवटची ओळ वाचशील, घरात कोणाचं काही झालं की काय म्हणून. तसं काही नाही. बाबांना ऐकू कमी येतं, पण वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसतात, आणि इंजिनाचा आवाज मात्र त्यांना बरोबर ऐकू येतो. तुझ्या वहिनीची कंबर धरते. मी रोज सकाळी देवाचं नाव घेऊन शटर वर करतो. लोकांच्या गाड्या बंद पडतात, आपण ओढून आणतो. चाललंय.

बातमी आपल्या ट्रकची आहे. गेल्या महिन्यात एक व्हॅन ओढून आणत होतो, तर चढावर गिअरबॉक्समधून कुटल्यासारखा आवाज आला. मिस्त्रींनी खालून तेल काढलं, तेलाबरोबर तिसऱ्या गिअरचे तीन दात पडले. ते दात तळहातावर घेऊन मला म्हणाले, "म्हाताऱ्याला आता कवळी बसवा." ट्रकबद्दल बोलत होते, पण बाबांनी खुर्चीतून मान वर केली. तेवढं बरं ऐकू येतं त्यांना.

तू गेलास तेव्हापासून या ट्रकला चारच गिअर आहेत. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या पुढे गेलं की इंजिन किंचाळतं आणि मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. म्हणून या वेळी चौथ्याच्या वरचा पळायचा गिअर, ओव्हरड्राइव्ह, हवाच, असं मी ठरवलं. चाकं पळताहेत आणि इंजिन निवांत फिरतंय, रिकाम्या गाडीत त्यासारखं सुख नाही. पण आपली गाडी रिकामी जाते आणि ओझं घेऊन येते. त्या गिअरमध्ये ओढायला जोर नसतो आणि उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. हे तुला मी सांगायला नको.

मिस्त्रींनी तीन वाटा दाखवल्या. एक पाच गिअरचा बॉक्स हलक्या टेम्पोतला, लोण्यासारखा चालतो, पण मागे ओझं लावलं की त्याची बेअरिंगं दोन पावसाळे काढणार नाहीत. दुसरा मोठ्या ट्रकमधला. जड आहे, त्याच्यासाठी चासीला नवी भोकं पाडावी लागतील, मागचा शाफ्ट आखूड करावा लागेल. त्याचा पाचवा गिअर थोडाच वेग वाढवतो, पण सगळं एकाच दांडीवर. आणि तिसरी वाट आपल्याच घरातली. बाबांनी पूर्वी मुख्य बॉक्सच्या पाठीशी बसवलेला तो जोड गिअरबॉक्स, त्याच्या वेगळ्या, दुसऱ्या दांडीसकट. "पत्र्याच्या पेटीत पडलाय की," मिस्त्री म्हणाले, "घरची भाकरी सोडून हॉटेलात कशाला जाता?"

त्या अपघातानंतर बाबांनी तो काढून पेटीत टाकला, ती पेटी अठरा वर्षं कोणी उघडली नव्हती. घरात त्या दुपारची गोष्ट एकाच तऱ्हेने सांगितली जाते. तू मागे गाडी लावलेली असताना डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडून उतार उतरलास, ब्रेक तापले, ट्रक दरडीवर गेला आणि तुझा डावा गुडघा कामातून गेला. रिकामी गाडी तू तशी सोडायचास, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणाला शंका आली नाही. तू खाटेवरून सांगत होतास, "दुसरी दांडी ओढली, पण पुढे काही लागलंच नाही." बाबा म्हणाले, "माझ्या ट्रकला परत हात लावायचा नाही." आणि तू लावला नाहीस. आता वजनकाट्यावर बसून दुसऱ्यांचे ट्रक मोजतोस.

मिस्त्रींनी पेटीतला बॉक्स टेबलावर ठेवला. दांडी आणि सळई जिथे जोडतात, तिथे बोटाएवढी पोलादी पिन असते. तिच्या जागी अर्धा खिळा होता. "हत्तीला शिवणाच्या दोऱ्याने बांधणारा हा कोण हुशार?" त्यांनी विचारलं. मी तो उचलून पाहिला. टोक आधी आडवं आणि मग परत आत वाकवलेलं. गावच्या शाळेत गुरुजी बाकांना खिळे मारायचं काम मला द्यायचे. पोरांचे कपडे फाटू नयेत म्हणून मी प्रत्येक टोक असं दोनदा वाकवायचो. तू हसायचास मला त्यावरून. तसा खिळा दुसरं कोणी वाकवत नाही.

धाकट्या, पेटी उघडल्यावर मला कळलं, असं लिहायला सोपं होतं. ते खरं नाही. त्या सकाळी पिन झिजून पडली, मी संध्याकाळपुरता खिळा घातला, तेवढ्यात फोन आला आणि तू निघालास. सांगतो सांगतो म्हणेपर्यंत तू फाटकाबाहेर होतास. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "तू काही केलं होतंस का?" मी म्हणालो, "नाही." खिळा तुटला, बॉक्स दोन गिअरांच्या मध्ये लटकला आणि इंजिनाची चाकांवरची पकड सुटली, हे मला तेव्हाच समजलं होतं. अठरा वर्षं प्रार्थनेला बसलो की सगळं सांगतो, आणि या एका शब्दापाशी आलो की उठतो.

परवा मी तो खिळा बाबांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा वाकवलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मी तुला विचारलं होतं." एवढंच. त्या दिवशी जेवले नाहीत. काल सकाळी मिस्त्री बॉक्सचं विचारायला आले, तर बाबा त्यांना म्हणाले, "धाकट्याला विचारल्याशिवाय काही बसवायचं नाही." फोन मीही करू शकलो असतो. पण फोनवर माझ्या तोंडून पुन्हा दुसरंच काही निघालं असतं, म्हणून लिहितो आहे. मोठ्या ट्रकमधला, एका दांडीचा बॉक्स घ्यावा असं मला वाटतं. त्याच्यासोबत तेलाच्या दाबावर चालणारा, हलका क्लच येतो. मिस्त्रींकडच्या दुसऱ्या गाडीत बसून मी तसा क्लच डावा गुडघा न वाकवता, नुसत्या टाचेने दाबून पाहिला. दाबला जातो. पण तो माझा पाय आहे. माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव, त्याची घाई नाही. बॉक्स मात्र तू येऊन, क्लचवर तुझा पाय ठेवून पाहिल्याशिवाय बसणार नाही. ट्रक तोवर ठोकळ्यांवर उभा आहे.

तुझाच,
थोरला