पाच पातेल्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यातली निवृत्त कारागीर, गल्लीत ‘भिंगवाली’ म्हणून सर्वांना माहीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांनी कालच तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्यांनी दडपण आणून पाहिले त्यांना ते ठाऊक आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, द्यावे. ती परिचारिका आहे. दर रविवारी येते, माझ्या गोळ्या तपासते आणि मी कितीही चिडले तरी चहा घेतल्याशिवाय जात नाही. हवा दमट झाली की स्वयंपाकघराची खिडकी फुगते. तिला खालून लाथ मारावी. बँकेत जे काही असेल तेही भाचीचेच.

कलम दोन. भिंगे घासायच्या पितळी वाट्या आणि जाडीचे माप कारखान्यातल्या माझ्या जोडीदाराला द्यावे, ज्याला आम्ही ‘एक मिनिट’ म्हणायचो. माझा चांगला चिमटा त्याने नेला आणि सत्तावीस वर्षे ‘एक मिनिटात देतो’ म्हणत राहिला. तो चिमटाही आता त्याचाच.

कलम तीन. आईची पाच पातेली. ही भाचीला द्यावीत, पण त्यांची हकिगत जोडल्याशिवाय नव्हे.

वर्षातल्या मोठ्या सणाला आमच्याकडे दुधातला गोड भात होत असे. पण एकच भात खाणारे घर आमचे नव्हते. बाबांना पातळ लागायचा, वाटीने पिता येईल असा. दादाला घट्ट, चमचा उभा राहील असा, आणि बेदाणा दिसला तर तो ताटावरून उठायचा. मावशीला लिंबाची साल किसून, चिमूटभर मीठ जास्त. मला तळाला धरलेली खरवड, तीही तांबूस, काळी नव्हे. म्हणून आई चार पातेल्यांत चार भात करायची. पाचवे पातेले तिचे स्वतःचे. चारही भातांतले उरलेसुरले ती त्यात एकत्र करायची आणि म्हणायची, “मला बाई सगळंच आवडतं.” आम्ही ते खरे मानले.

मी चाळीस वर्षांची असताना, सणाच्या सकाळी, मी स्वयंपाकघरात गेले तर दादाच्या पातेल्यातून धूर निघत होता आणि आई त्याकडे पाठ करून शांतपणे लिंबू किसत होती. सर्दीने तिच्या दोन्ही कानांत दडे बसले होते. मी गॅस बंद केला आणि तिच्या कानाशी ओरडले, “आई, अगं करपलं! वास येत नाही का तुला?”

तिने पातेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “दार लाव आधी,” ती म्हणाली.

मी दार लावले.

“नाही येत वास. चवही नाही. तू तिसरीत होतीस, मला तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून.”

बत्तीस वर्षे. मी स्टुलावर बसले. माझ्या तांबूस खरवडीची बत्तीस वर्षे.

“मग तू करतेस कसं?”

“कानांनी. भात आधी बडबडतो, मग पुटपुटतो, खाली धरायला लागला की गप्प होतो. आज कानच गेले, म्हणून घोळ झाला.”

“आणि साखर, मीठ?”

“तुमची तोंडं आहेत की. साखर जास्त झाली की तुझ्या बाबांची डावी भुवई वर जाते. मावशीला मीठ कमी पडलं की ती बोलायला लागते. तू जमलं असेल तर चमचा उलटा करून चाटतेस. दर वर्षी बघायचं, पुढच्या वर्षी तेवढं बदलायचं.”

मी म्हटले, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगते. तिने माझा हात घट्ट धरला. “शपथ आहे माझी. सांगितलंस तर सगळे माझ्याकडे बघत जेवतील. मला तुमच्याकडे बघायचंय.”

मी सूक्ष्मातली सूक्ष्म चूक पकडणारी म्हणून कारखान्यात माझे नाव होते. त्या दुपारी तिच्यासमोर बसून मी चमचा उलटा करून चाटला.

कलम चार. दादाविषयी. माझा थोरला भाऊ, ट्रकचालक, आता निवृत्त. त्या दुपारी करपलेला भात बाजूला सारून तो म्हणाला, “आईचा हात गेला. पुढच्या वर्षीपासून बाहेरून मागवू.” पुढच्या सणाला त्याने खरोखर डबे आणले, तोंडभर स्तुती केली, दोनदा वाढून घेतले. मी शपथेने बांधलेली, गप्प. आई गेल्यावर पातेल्यांवरून आमचे कडाक्याचे भांडण झाले आणि गेली तीस वर्षे आम्ही एका टेबलावर जेवलेलो नाही. आधीच्या मृत्युपत्रात मी त्याला रिकामे डबे ठेवले होते.

आईची शपथ माझ्या हयातीपुरती होती, असे मी धरते. म्हणून दादा, तुला हे देते.

डब्यांच्या त्या सणाला, भांडी विसळताना आईने मला विचारले, “दादाने बघितलंस कसं खाल्लं?”

मी फणकारले, “बघितलं. दोनदा घेतलं.”

“घास गालात धरून पाण्याबरोबर गिळत होता. लहानपणी औषध असंच घ्यायचा. अजिबात आवडलं नाही त्याला.” आणि ती हसली, हात फेसात बुडालेले. “मला ओट्यापाशी उभं राहायला लागू नये म्हणून एवढं सगळं गिळलं बघ पोराने.”

मी हे तुला सांगितले नाही. शपथ हे निमित्त होते; तिने यावर शपथ घातलीच नव्हती. तू बाजूला सारलेला भात माझ्या मनातून जात नव्हता, एवढेच. चूक माझी. आईला सगळे दिसले होते, दादा, पहिल्या घासापासून.

कलम पाच. हे मृत्युपत्र भाचीने मोठ्याने वाचावे, दादा समोर बसलेला असताना. इथपर्यंत आल्यावर तिने कागद खाली ठेवून आपल्या वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहावे. जे दिसेल ते तिने कोणालाही सांगू नये.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, एकही शब्द खोडला नाही.

सही: भिंगवाली
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: वर्षाच्या शेवटच्या महिन्यातला दुसरा सोमवार, सकाळी

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे शिंपी. आमच्यासमोर सही झाली. मजकूर वाचू दिला नाही.
२. डॉक्टर. लिहिणारी पूर्ण शुद्धीत होती. रडत होती, पण शुद्धीत.