मागच्या फाटकाची चावी

प्रिय सुमन,

उद्या सोसायटीची सभा आहे. राणीला हाकलायचं, एवढा एकच विषय. दुपारपासून भाषण लिहितोय: "गोत्री भागातल्या माझ्या शेजाऱ्यांनो, आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. मोटारी लावायची आपली जागा रोज घाण होते!" सुरुवात झकास झाली. पुढचं वाक्य मात्र येईना. ती घाण कुणामुळे होते, हे मला ठाऊक आहे ना! म्हणून तो कागद सारला आणि तुला लिहायला बसलो.

आठवतं? नंदेसरीचा कारखाना बंद पडला आणि तुझ्या भावाने तिथली राखणीची अल्सेशियन कुत्री, हीच आपली राणी, दारात आणून उभी केली. पाच वर्षांची, गळ्यावर साखळीचा व्रण. सगळं आयुष्य सिमेंटच्या आवारात गेलेलं. घर आणि बाहेर यांतला फरक तिला कुणी शिकवलाच नव्हता. पहिल्याच दिवशी माझ्या पुस्तकांच्या कपाटाशी तळं! मी अर्धा तास सुनावलं. तू हसत होतीस.

"अहो, ती गुजराती वॉचमनच्या हाताखाली वाढलीये. तुमचं भाषण तिला काय कळणार?" मग तिच्याकडे वळून गुजरातीत, "चाल बेटा, बहार!" आणि निघाली की ती तुझ्यामागे बाहेर!

खाल्ल्यावर, झोपेतून उठल्यावर तू तिला मागच्या मैदानात न्यायचीस. तिथे केलं की शाबासकी आणि भाखरीचा तुकडा. घरात केलं तर मुकाट्याने पुसायचीस. हात कधी उगारला नाहीस.

मैदान सोसायटीच्या मागच्या फाटकाला लागून, आणि फाटकाला कुलूप. नव्या मोटारींना गाई अंग घासतात म्हणून ते लावायचा ठराव मीच मांडला होता. काय टाळ्या पडल्या होत्या! चावीही माझ्याच खणात.

"माझे गुडघे दुखतात हो. पुढून केवढा वळसा पडतो! तेवढी चावी द्या ना."

मी म्हणालो, "नियम आपल्या घरापासून सुरू होतो."

सुमन, तू भांडली का नाहीस? सगळ्या गावाशी भांडणाऱ्या माणसाशी एकदा तरी भांडायचं!

त्या सकाळी त्याच वळशावर एका ओट्यावर टेकलीस, ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणतात, हृदयच थकलं होतं, चालण्याचा दोष नाही. असेल. मला मात्र खण उघडवत नाही.

मेंढ्या राखणारी जात ती. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना तिने रेटत रेटत एका खोलीत गोळा केलं आणि स्वतः दारात बसली, बाहेर बघत. एक माणूस कमी होतं, तिला कळत होतं.

आता मी तिला खाली नेतो. तुझ्यामागे वळसा घालायची, माझ्यामागे येत नाही. थेट मागच्या फाटकाशी जाते, गजांतून मैदान बघते, कण्हते. मी "चाल बेटा" म्हणत राहतो. शेवटी तिथेच, मोटारींपाशी होतं. ती चुकत नाही गं, बाहेरच निघालेली असते!

गुपचूप कुलूप काढता आलं असतं. पण ज्या तोंडाने लावलं, त्याच तोंडाने काढायला हवं. राणीला मी कुठेही पाठवणार नाही, हा तुला शब्द. उद्या भाषण नाही. हे पत्र वाचीन, चावी टेबलावर ठेवीन आणि म्हणेन:

शेजाऱ्यांनो, उठा, माझ्याबरोबर खाली चला आणि ते कुलूप आत्ता काढा.

तुझा, चावी द्यायला उशीर केलेला,
वसंत