मागच्या नऊ खोल्या

३ मार्च, सोमवार

आज एक माणूस चादरींच्या खोलीत थेट आत आला! दार वाजवलं नाही, नुसता खाकरला. खांद्याला फाटकी पिशवी, हातात जाड वही, आणि बूट मात्र चकचकीत. तिथेच मला खटकलं.

"या हॉटेलचा इतिहास लिहून काढतोय," म्हणाला. "तुम्ही मागेच राहता ना? किती वर्षं झाली?"

इतिहास लिहायला माझी वर्षं कशाला लागतात? म्हटलं, "साहेब, उशांचे अभ्रे मोजायचेत. नंतर या."

"येतो की," म्हणाला. आणि हसला. सासूबाई म्हणायच्या, गोडबोल्याला पाट देऊ नये, पाठ द्यावी.

४ मार्च, मंगळवार

भाऊजींना विचारलं. ते दिवसभर पुढच्या दारात पाहुण्यांचं सामान उचलतात, त्यांना सगळं आधी कळतं. आमची चार नंबरची खोली, त्यांची पाच. भिंतीला भिंत. धाकटे दीर, पण यांच्यापेक्षा तेच पोक्त वाटतात.

इकडेतिकडे बघून म्हणाले, "वहिनी, नव्या मालकाला इथे फ्लॅट काढायचेत. मॅनेजरच्या तोंडून ऐकलंय. हा वहीवाला त्यांचाच. मागे कोण किती वर्षं फुकट राहतंय त्याची यादी करतोय. जितकी वर्षं जास्त, तितकं अतिक्रमण मोठं. दहाच्या आत सांगा. बाकीच्यांनाही सांगून ठेवा, तुमचं ऐकतात."

ऐकतात खरं. नऊ खोल्या, एक नळ, आणि नळावर भांडण झालं की बोलावणं मला.

हे खाटेवरूनच म्हणाले, "विचारतोय तर सांगावं. आपण काय चोरी केलीय?" तीस वर्षं लिफ्ट वरखाली केली या माणसाने, पण जग कुठल्या मजल्यावर आहे ते अजून कळलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

खांब खरवडत होता! भर व्हरांड्यात, नाण्याने! मी थांबले तर म्हणतो, "रंग बघतोय. वर पांढरा, खाली पिवळा, त्याखाली हिरवा, आणि हे बघा — सोनेरी."

रंग बघतोय म्हणे. भिंत किती मजबूत आहे ते बघत असणार. पाडायला किती दिवस लागतील याचा हिशेब.

पिवळा कचेरीचा, हिरवा इस्पितळाचा, हे मला त्याने सांगायला हवं? पण बोलले नाही. इथे लिहिते, कागद चहाडी करत नाही.

सोनेरी रंग सासूबाईंनीही पाहिला नव्हता. त्या आल्या तेव्हा लढाई चालू होती, आणि हॉटेल रिकामं करून इस्पितळ केलं होतं. नाचायच्या दालनात ऐंशी खाटा. झुंबरं उतरवायला सवड नव्हती, म्हणून चादरीत गुंडाळून तशीच ठेवलेली. तापातल्या जखमींना वाटायचं, वर कुणीतरी लटकलंय! सासूबाई तिथे आया. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना मागची चार नंबरची खोली दिली. आधी तिथे पाहुण्यांचे ड्रायव्हर झोपायचे. लढाई संपली, जखमी गेले, आणि घरदार सुटलेली माणसं आली. एकेका खोलीत तीन-तीन कुटुंबं, मधे दोरीवर घोंगड्या. हे त्याच दिवसांत जन्मले, चार नंबरमध्ये. शेजारच्या बाईने गालिचा फाडून दुपटं केलं होतं म्हणे.

ती माणसं पांगली. मग सरकारी कचेऱ्या. मी लग्न होऊन आले ती कचेरीच्या काळात. सासूबाईंनी हौसेने इमारत दाखवली — प्रत्येक न्हाणीघरात संगमरवरी टब, आणि टबात काठोकाठ फायली! मला हसू आवरेना. नवी नवरी खो खो हसतेय म्हणून एक कारकून चष्मा कपाळावर चढवून बघायला आला. दोन वर्षांनी फायली गेल्या आणि परत हॉटेल झालं. ते टब मी घासलेत. त्याला चौतीस वर्षं झाली.

आणि हे सगळं त्या वहीवाल्याला सांगू? सांगते, बस वाट बघत!

८ मार्च, शनिवार

आज आला नाही. बरं झालं. (की दुसऱ्या कुणाला गाठलं?)

११ मार्च, मंगळवार

आला. "किती वर्षं?" परत तेच.

"नोकरी जुनी," म्हटलं, "पण राहायला सहाच वर्षं झाली."

त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग वहीकडे. "सहा? नक्की ना?"

"मला मोजता येतं."

लिहून घेतलं. सही मागितली. केली. 

घरी सांगितलं तर हे एकदम उठून बसले. "आई या खोलीत जगली, याच खोलीत गेली. आणि तू सहा सांगितलीस?"

"डोक्यावर छप्पर राहावं म्हणून सांगितली!"

मग ताट उचलून बाहेर पायरीवर जाऊन जेवले.

१३ मार्च, गुरुवार

वहीवाला आणि मॅनेजर, पुढच्या बागेत, एका टेबलाशी चहा पीत होते. मॅनेजर मोठमोठ्याने हसत होता. गेल्या दहा वर्षांत तो इतका हसला नसेल.

दुपारी वही खिडकीत विसरून तो हात धुवायला गेला. मी उघडली. चूक आहे, माहीत आहे. माझ्या नावापुढे 'सहा', आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. खाली सासूबाईंचं नाव! 'आया, मागची खोली चार, लढाईच्या काळापासून. कोणी सांगू शकेल का?'

मेलेल्या बाईचं नाव याला कुणी दिलं? इस्पितळाचे जुने कागद कुठे पडले असतील ते याला कसं कळलं? हा साधा माणूस नाही. खोल पाण्यातला मासा आहे.

१७ मार्च, सोमवार

नळावर सगळ्यांना गोळा केलं. ती वही बघितल्यापासून मला चैन नव्हती. म्हटलं, खरं कुणी सांगायचं नाही. सगळ्यांचा एकच आकडा नको, संशय येईल. मीच वाटून दिले. माळीकाकींना सात, शिंपीणबाईंना पाच, धोब्याच्या घराला नऊ. भाऊजी म्हणाले, मी आठ सांगतो.

शिंपीणबाई कुरकुरल्या. "वहिनी, माझी तिन्ही बाळंतपणं इथे झालीत. थोरली आता आजी होईल! पाच कशी सांगू?"

"तोंडाने सांगा," म्हटलं. सगळ्या हसल्या. त्याही हसल्या.

संध्याकाळपर्यंत आठ घरांच्या सह्या झाल्या. वहीवाला प्रत्येक आकड्याला नुसता मान हलवत होता. आज जरा हलकं वाटतंय.

१८ मार्च, मंगळवार

तो गेला. सुंठीवाचून खोकला गेला.

२४ मार्च, सोमवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

वहीवाला निरोप घ्यायला आला होता. म्हणाला, "अहवाल दिला. आता सांगायला हरकत नाही." तो मालकाचा नव्हताच. शहराच्या जुन्या इमारतींच्या खात्याचा. कागद दाखवला, शिक्का दाखवला. मी शिक्का उजेडात धरून बघितला, दोनदा. खरा होता.

नियम असा — इमारत पुन्हा हॉटेल व्हायच्या आधीपासून जे मागे राहतात, त्यांना मालक काढू शकत नाही. काढलंच तर बदली घर द्यावं लागतं.

आधीपासून! नऊच्या नऊ घरं आधीपासूनची!

"मग हे आधी का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"आधी सांगितलं की लोक वर्षं वाढवून सांगतात, बाई. म्हणून आधी विचारायचं, मग सांगायचं. कमी करून सांगणारी माणसं मला पहिल्यांदाच भेटली."

"बदलून द्या ना ते."

"माझ्या हातात नाही आता. यादी लागेल, मग हरकत घ्या."

तशीच धावत पुढच्या दारात गेले. भाऊजींच्या हातात कुणाची तरी बॅग होती. ऐकलं आणि ती त्यांच्या पायावरच पडली. "मला मॅनेजरने सांगितलं होतं, वहिनी. आपणहून बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं, भला माणूस आहे."

भला माणूस! म्हणूनच बागेत इतकं हसू येत होतं. आम्ही आपल्या हाताने लिहून देतोय हे त्याला माहीत होतं.

आणि मी दोन आठवडे वहीवाल्यावर डोळा ठेवून होते.

नळावर सगळ्यांना सांगितलं. माळीकाकींनी वाहता नळ बंद केला. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "जे तुमचं होईल तेच माझंही होईल. माझीही सहाच लिहिलीत." तेवढाच आधार — त्यांना आणि मला. यांना सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

२७ मार्च, गुरुवार

मॅनेजर जिन्यात भेटला. "कशा आहात?" मी म्हटलं, "आहे अजून." शिंपीणबाईंनी आज माझा हंडा भरून दारात आणून ठेवला. सगळे एका होडीत आहोत म्हणाल्या.

१ एप्रिल, मंगळवार

यादी लागली. आठ घरं अपात्र. चार नंबर पात्र.

हे म्हणाले, "तू सही केलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वहीवाल्याला त्याची कचेरी विचारली आणि तिथे जाऊन खरं सांगून आलो. खोली आईची, म्हणून माझा जबाब धरला. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

हरकतीला महिना आहे. साक्षीला मी उभी राहते, असं सांगायला दारोदार गेले. शिंपीणबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"परत तुम्ही सांगाल तसंच बोलायचं का, वहिनी?"