वरचा मजला, जिना आणि एक नाच

मी, सौ. संध्या त्र्यंबक दातार, वय एकाहत्तर, राहणार वेस्ट विंडसर, न्यू जर्सी, पूर्ण शुद्धीत पण धापा टाकत हे मृत्युपत्र लिहीत आहे. धाप नुकत्याच संपलेल्या गाण्याची आहे, आजाराची नव्हे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगी कादंबरी रेडमंडहून फोनवर "आई, प्लीज डोन्ट," म्हणते आहे, तो दबाव धरू नये.

१. माझे नाचाचे बूट मिस लोरेटा यांना. गुडघा बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, चाला. चालत चालत मी या चर्चच्या तळघरात शिरले, तर या बाई स्विंग नाच शिकवत होत्या. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या काळ्या माणसांनी हा नाच घडवला. दिवसभर दुसऱ्यांची धुणी आणि ओझी, संध्याकाळी बँड आणि लाकडी जमीन. लोरेटाबाईंची आई त्यांतलीच. ती म्हणे, दुःख दाराबाहेर ठेवावं, ते कोणी चोरत नाही. या नाचाची गंमत अशी, की जोडीदाराचा हात धरून नाचायचं, मध्येच सोडून मनाला येईल ते करायचं आणि परत येऊन धरायचा. बूट बाईंना होत नाहीत. तरी घ्यावेत.

२. वसुधा बापट, आमच्या मंडळाची माजी अध्यक्ष. "या वयात परपुरुषांचे हात धरून उड्या?" असं ती हळदीकुंकवात सर्वांसमोर म्हणाली. क्लासमध्ये सारखे जोडीदार बदलतात, हे तिला मीच हौसेने सांगितलं होतं. तिला माझी नी-कॅप द्यावी. धुऊ नये.

३. स्टीलची घडीची खुर्ची. सहा वर्षं दर शुक्रवारी आमचे हे माझी पर्स मांडीवर घेऊन तिच्यावर बसतात. मला आणतात, नेतात, पाणी देतात. उठत मात्र नाहीत. विचारलं तर म्हणतात, "तू कर एंजॉय, मी पर्स बघतो." पर्समध्ये बडीशेप आहे. खुर्ची चर्चची असल्याने मला देता येत नाही, तरीही मी ती कोणालाही देत नाही, याची नोंद घ्यावी.

४. घर अर्धं माझं, अर्धं ह्यांचं. माझं अर्धं म्हणजे वरचा मजला, असं मी ठरवलं आहे. माझ्या तेराव्याला ह्यांनी या तळघरात एक अख्खं गाणं नाचावं. न नाचल्यास वरचा मजला वसुधाला. जिना ह्यांचा. पुढचं त्या दोघांनी बघून घ्यावं. मला ह्यांच्याबरोबर नाचायचं होतं, एवढंच. हात सोडून मी खूप नाचले, पण परत येऊन धरावा तर ह्यांचे दोन्ही हात पर्सवर. हे कलम रागाने लिहिलेलं नाही. बरं, थोडं रागानेही.

सहीपूर्वीची दुरुस्ती: साक्षीदारांसमोर वाचत कलम चारपर्यंत आले, तेव्हा ह्यांनी दोन हरकती घेतल्या. एक, जॉइंट घराचा असा मजला देता येत नाही. दोन, "तेराव्याला तू नसणार. मग मी नाचू कोणाशी?" आणि पर्स खुर्चीवर ठेवून उठले. लोरेटाबाईंना मराठी येत नाही, तरी त्यांनी गाणं लावलं. माझ्या नव्या गुडघ्याला एक लाथ बसली. हे फार घाबरले होते, त्यामुळे हात एकदाही सोडला नाही. तो मध्ये सोडायचा असतो, हे शिकवायचं राहिलं आहे. सबब कलम चार रद्द. पर्स कोणी नेली नाही.

साक्षीदार: शार्दूल कानिटकर, वल्लरी मोघे (दोघेही पीएचडीचे विद्यार्थी, आमच्याच क्लासातले)
स्थळ: चर्चचं तळघर, वेस्ट विंडसर
दिनांक: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

सही: संध्या दातार
(डाव्या हाताने केली आहे. उजवा अजून ह्यांच्याकडे आहे.)